पीजी_वॉल नव्या डिस्कवर हलवायचं आहे? आधी हे वाचा

पोस्टग्रेस डेटाबेसची वॉल डिरेक्टरी, म्हणजे पीजी_वॉल, दुसऱ्या डिस्कवर न्यायचं काम कमांडच्या हिशेबाने चारच पायऱ्यांचं आहे: सर्व्हर थांबवायचा, डिरेक्टरी हलवायची, जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) ठेवायची, सर्व्हर सुरू करायचा. पण या चार पायऱ्यांच्या आधी काय बघायचं आणि काही बिनसलं तर कुठवर मागे फिरता येतं, हे माहीत नसेल तर एवढंसं काम फार महागात पडतं. हा लेख लिनक्सवर स्वतः पोस्टग्रेस चालवणाऱ्या, पण हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी आहे. क्लाउडवरच्या तयार डेटाबेस सेवेत फाइल सिस्टिमपर्यंत आपला हातच पोचत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच ती रोमन अक्षरांत टाइप करायची.

## त्या डिरेक्टरीत असतं काय

वॉल म्हणजे राइट-अहेड लॉग. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचं तर ही रोजकीर्द: आधी इथे नोंद, मग सवडीने खतावणी. कमिट आलं की पोस्टग्रेस त्या बदलाची नोंद वॉलमध्ये लिहितो, ती डिस्कवर पक्की उतरल्याची खात्री करतो आणि मगच क्लायंटला 'झालं' म्हणून कळवतो. टेबलांच्या मूळ फाइलींत तो बदल नंतर, चेकपॉइंट (तोवरचे सगळे बदल टेबलांत उतरल्याची खूण) होईपर्यंत कधीतरी जातो. मध्येच वीज गेली तर परत उठताना सर्व्हर शेवटच्या चेकपॉइंटपासूनची वॉल वाचतो आणि राहिलेले बदल टेबलांत उतरवतो. म्हणून यातली एखादी गरजेची फाइल हरवली, तर बाकीची डेटा डिरेक्टरी धडधाकट असूनही डेटाबेस उठत नाही.

२०१७ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीच्या आधी या डिरेक्टरीचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. जागा कमी पडली की 'लॉगच तर आहेत' म्हणून लोक ती बिनधास्त रिकामी करत आणि डेटा गमावून बसत. नाव बदलण्यामागे हे एक कारण होतं. अजून जुन्या आवृत्तीवर असाल तर पुढे जिथे पीजी_वॉल म्हटलंय तिथे पीजी_एक्सलॉग समजा.

आत डोकावलं तर १६ एमबीच्या फाइलींची रांग दिसते. (हा नेहमीचा आकार, क्लस्टर, म्हणजे एका सर्व्हरची अख्खी डेटा डिरेक्टरी, तयार करताना तो बदललेला असू शकतो.) नावं २४ अक्षरी असतात: पहिली आठ अक्षरं टाइमलाइनची (डेटाबेसच्या इतिहासाच्या शाखेची), उरलेली सोळा त्या टाइमलाइनवरचा क्रमांक, आणि सगळं हेक्साडेसिमलमध्ये. नवख्याला इथे एक गोष्ट हमखास चक्रावते. नावाच्या क्रमाने सगळ्यात पुढे असलेल्या काही फाइली तारखेने मात्र जुन्या दिसतात. त्या बिघडलेल्या नसतात. वापरून झालेल्या फाइली पुसण्याऐवजी पोस्टग्रेस त्यांना पुढचं नाव देऊन राखून ठेवतो, नवी फाइल बनवण्याचा खर्च वाचावा म्हणून. त्यामुळे तारीख बघून 'ही जुनी, ही उडवू' असं ठरवणं इथे चालत नाही. हलवताना जे आहे ते सगळं हलवायचं, आतल्या अर्काइव्ह_स्टेटस या उपडिरेक्टरीसकट.

## हलवायचं कशासाठी, हे आधी स्वतःला विचारा

दोन कारणं रास्त आहेत. एक, वेग. वॉलचं लिखाण सलग चालतं आणि प्रत्येक कमिट त्याच्यापाशी थांबतो. टेबलांचं वाचन-लेखन इकडेतिकडे विखुरलेलं असतं. दोघांची एकाच डिस्कवर रेटारेटी होत असेल तर वॉल वेगळ्या डिस्कवर गेल्याने कमिटचा वेळ खरोखर कमी होतो. डिस्क मात्र खरीच वेगळी हवी. त्याच डिस्कचं दुसरं पार्टिशन केल्याने वेगात काही फरक पडत नाही. दुसरं कारण जागेचं: टेबलं फुगून डिस्क भरली तरी वॉलला जागा मिळत राहावी. यासाठी वेगळं पार्टिशनही पुरतं.

तिसरं कारणही नेहमी ऐकू येतं: 'पीजी_वॉल सारखं भरतंय, मोठ्या डिस्कवर टाकू.' इथे जरा थांबा. मॅक्स_वॉल_साइझची मूळ किंमत १ जीबी असते. ती सक्तीची मर्यादा नाही, लिखाणाचा भार वाढला की वॉल तिच्यापुढे जाते. पण १ जीबीच्या जागी २०० जीबी दिसत असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी जुन्या फाइली अडवून धरलेल्या असतात. संशयित नेहमीचेच. स्लॉट म्हणजे रेप्लिकेला (सर्व्हरच्या चालत्या प्रतीला) अजून लागणारी वॉल राखून ठेवणारी नोंद. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स या व्ह्यूमध्ये पाहा: एखादा स्लॉट निष्क्रिय आहे आणि त्याचा रीस्टार्ट_एलएसएन (जिथपासून वॉल राखायची ती जागा) फार मागे राहिलाय का? कुणीतरी चाचणीपुरती रेप्लिका उभी केली, ती बंद केली आणि स्लॉट तसाच सोडला, हा प्रकार वरचेवर दिसतो. मग पीजी_स्टॅट_अर्काइव्हर पाहा: फेल्ड_काउंट वाढतोय का? अर्काइव्ह_कमांड (भरलेल्या वॉल फाइली दुसरीकडे जपून ठेवणारी कमांड) फसत असेल तर पोस्टग्रेस ती फाइल सोडत नाही, आणि अर्काइव्ह_स्टेटसमध्ये 'रेडी' शेपटीच्या फाइलींचा ढीग साचतो. यातलं काही निघालं तर आधी ते निस्तरा. नाहीतर नवी डिस्कही भरणारच, फक्त चार दिवस उशिरा. १३ व्या आवृत्तीपासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ आहे, पण मुळात ती मर्यादा लावलेली नसते. स्लॉट वापरत असाल तर तीही ठरवून टाका. मर्यादा ओलांडल्यावर मागे पडलेली ती रेप्लिका नव्याने उभारावी लागू शकते, पण मुख्य सर्व्हर बंद पडण्यापेक्षा ते केव्हाही परवडतं.

## नवी जागा तयार करताना

किती जागा लागेल? गर्दीच्या वेळी पीजी_करंट_वॉल_एलएसएन (वॉल कुठवर लिहिली गेली ते सांगणारं फंक्शन) तासाभराच्या अंतराने दोनदा विचारा आणि पीजी_वॉल_एलएसएन_डिफने फरक काढा. तासाला १० जीबी वॉल बनत असेल आणि रात्री अर्काइव्ह अडकलं तर सकाळपर्यंत, म्हणजे १० तास, कुणी बघणार नसेल, तर १०० जीबी नुसती त्या रात्रीसाठी लागेल. माझा कल या हिशेबाच्या वर भरपूर मोकळी जागा सोडण्याकडे असतो, कारण वॉलची डिस्क भरली की पोस्टग्रेस हळू होत नाही, तो पॅनिक होऊन बंदच पडतो.

विश्वासार्हतेत नवी डिस्क डेटाच्या डिस्कपेक्षा कमी नको. वॉल गेली तर डेटाबेसही गेला, तेव्हा 'तात्पुरत्या फाइलींसाठी' पडून असलेली एकटी डिस्क इथे लावू नका. रॅममधली फाइल सिस्टिम तर नकोच नको. नवी डिस्क एफसिंकला (लिहिलेलं डिस्कवर पक्कं उतरवायला) किती वेळ घेते हे पोस्टग्रेससोबतच येणारं पीजी_टेस्ट_एफसिंक सांगतं. एफ या पर्यायाने त्याला नव्या डिस्कवरच्या फाइलीचा पत्ता द्या आणि हीच चाचणी जुन्या डिस्कवरही करून आकडे शेजारी ठेवा. साध्या डिस्कवर आकडा संशय यावा इतका भारी दिसला तर समजायचं की मधला कुठला तरी कॅशे 'लिहिलं' म्हणून थाप मारतोय.

आता माउंट. समजा डिस्क '/वॉलडिस्क' इथे माउंट केली. वॉल थेट त्या माउंट पॉइंटवर ठेवू नका, आत उपडिरेक्टरी करा, उदाहरणार्थ '/वॉलडिस्क/मेन/पीजी_वॉल'. एक्स्ट४ मध्ये माउंट पॉइंटवर लॉस्ट+फाउंड असतं ही झाली किरकोळ अडचण. खरं कारण असं की एखाद्या रीबूटनंतर डिस्क माउंटच झाली नाही, तर ही उपडिरेक्टरी दिसणार नाही. मग पोस्टग्रेस 'आवश्यक वॉल डिरेक्टरी अस्तित्वात नाही' असा फेटल संदेश देऊन मुकाट बाहेर पडेल, आणि आपल्याला हवंय तेच. रिकामा माउंट पॉइंट रूटच्याच मालकीचा राहू द्या, म्हणजे डिस्क नसताना तिथे कुणाला काही लिहिता येणार नाही. एका मशीनवर दोन क्लस्टर असतील तर प्रत्येकाची उपडिरेक्टरी वेगळी.

एफएसटॅबमध्ये डिस्कची नोंद यूयूआयडीने करा. 'एसडीबी'सारखी नावं रीबूटनंतर बदलू शकतात. सोबत सिस्टिमडीला सांगा की ही डिस्क आल्याशिवाय पोस्टग्रेस उठवायचा नाही: सेवेच्या युनिटला पुरवणी फाइल जोडून तिच्या युनिट विभागात रिक्वायर्समाउंट्सफॉर समोर '/वॉलडिस्क' लिहा आणि डीमन-रीलोड करा. हे न केल्यास सगळं महिनोन्महिने नीट चालतं आणि एखाद्या रीबूटला पोस्टग्रेस डिस्कच्या आधी उठून बसतो.

उपडिरेक्टरीची मालकी पोस्टग्रेस वापरकर्त्याकडे द्या, परवानगी ०७००. वरच्या प्रत्येक डिरेक्टरीतून त्याला आत शिरता येतंय का, हेही बघा. पोस्टग्रेस वापरकर्ता होऊन तिथे एक रिकामी फाइल बनवून पुसून टाकली की कळतं. रेड हॅटच्या कुळातल्या सिस्टिमवर एसईलिनक्स (नेहमीच्या परवानग्यांवरचा आणखी एक पहारा) चालू असेल तर मालकी बरोबर असूनही 'परमिशन डिनाइड' येतं. तिथे सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने नव्या मार्गाला पोस्टग्रेसक्यूएल_डीबी_टी हा प्रकार द्या आणि रिस्टोरकॉन चालवा. या भानगडीला कंटाळून एसईलिनक्सच बंद करण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका.

## सर्व्हर नीट थांबवणं

मुख्य काळजी इथेच घ्यायची. आधी ताजा बॅकअप आहे ना ते बघा. शो डेटा_डिरेक्टरी चालवून डेटाची जागा सर्व्हरलाच विचारा; अंदाजाने चुकीच्या क्लस्टरची डिरेक्टरी हलवणं सहज होतं. मग हाताने एक चेकपॉइंट चालवा, म्हणजे थांबताना कमी लिहावं लागेल.

पट्रोनीसारखी स्वयंचलित व्यवस्था असेल तर तिला आधी पॉज करा. नाहीतर तुम्ही सर्व्हर थांबवाल आणि ती तो पुन्हा उठवेल, तेही तुमची कॉपी अर्ध्यावर असताना.

थांबवण्याची पद्धत 'फास्ट' असू द्या; ९.५ पासून पीजी_सीटीएल मुळातच ती वापरतं. 'इमिजिएट' म्हणजे मुद्दाम केलेला क्रॅश, त्याच्या वाटेला जाऊ नका. डेबियन-उबुंटूवर नुसत्या पोस्टग्रेसक्यूएल नावाची सेवा थांबवली तर मशीनवरचे सगळे क्लस्टर थांबतात. एकच थांबवायचा असेल तर आवृत्ती आणि क्लस्टरचं नाव असलेली सेवा निवडा. थांबायला वेळ लागला तर अस्वस्थ होऊन किल करू नका. शेवटचा चेकपॉइंट, उरलेलं अर्काइव्ह आणि रेप्लिकांना शेवटची वॉल पोचवणं, हे सगळं तो त्या वेळात करत असतो.

प्रॉम्प्ट परत आला म्हणजे सर्व्हर नीट थांबला असं नाही. पीएसने प्रोसेस उरलेली नाही हे पाहा, मग डेटा डिरेक्टरीवर पीजी_कंट्रोलडेटा चालवा. त्यात 'डेटाबेस क्लस्टर स्टेट' अशी ओळ असते. तिच्यापुढे 'शट डाउन' हवं; रेप्लिका असेल तर 'शट डाउन इन रिकव्हरी'. 'इन प्रॉडक्शन' दिसलं तर एक तर सर्व्हर अजून चालू आहे, नाहीतर तो नीट न थांबता मेलाय. पहिलंच असेल तर थांबवा. दुसरं असेल तर एकदा सुरू करून, रिकव्हरी होऊ देऊन, परत नीट थांबवणं सगळ्यात चांगलं. ते शक्य नसेल तर काय, ते पुढे येईलच.

## आता हलवा

पोस्टग्रेस वापरकर्ता होऊनच काम करा, म्हणजे मालकीचे घोळ होत नाहीत. कॉपी आरसिंक किंवा सीपीने, 'ए' पर्याय लावून. आरसिंकमध्ये स्रोताच्या शेवटची तिरकी रेघ महत्त्वाची आहे: ती असेल तर डिरेक्टरीच्या आतलं साहित्य जातं, नसेल तर पीजी_वॉलच्या आत आणखी एक पीजी_वॉल तयार होतं. एमव्ही वापरू नका. दोन वेगळ्या डिस्कांमध्ये एमव्ही म्हणजे शेवटी कॉपी करून पुसणंच, आणि मध्ये काही अडलं तर अर्ध्या फाइली इकडे, अर्ध्या तिकडे.

कॉपी झाली की डिफला 'आर' पर्याय देऊन जुनी आणि नवी डिरेक्टरी ताडून पाहा. त्याने काहीच छापलं नाही तर दोन्ही तंतोतंत सारख्या आहेत.

मग जुन्या पीजी_वॉलचं नाव बदलून तिला बाजूला करा, पण डेटा डिरेक्टरीच्या आत ठेवू नका. आत ठेवलेली 'पीजी_वॉल_जुनी' पुढच्या प्रत्येक बेस बॅकअपमध्ये आणि प्रत्येक नव्या रेप्लिकेवर गुपचूप जात राहते. त्याच फाइल सिस्टिमवर, डेटा डिरेक्टरीच्या शेजारी हलवली तर काम क्षणात होतं. आता एलएन कमांडला 'एस' पर्याय देऊन डेटा डिरेक्टरीत पीजी_वॉल नावाची सिमलिंक बनवा, नव्या जागेचा पूर्ण मार्ग लिहून. एलएस एलने पाहिल्यावर ओळीचं पहिलं अक्षर 'एल' हवं आणि शेवटी बाणापुढे नवा मार्ग:

पीजी_वॉल -> /वॉलडिस्क/मेन/पीजी_वॉल

पोस्टग्रेसच्या कॉन्फिगरेशन फाइलीत यासाठी वेगळी सेटिंग शोधत बसू नका, ती नाही. सिमलिंक हीच अधिकृत पद्धत आहे. नवा क्लस्टर बनवतानाच वॉल वेगळी ठेवायची असेल तर इनिटडीबीला वॉलडिर पर्याय देता येतो. तोही आतून सिमलिंकच बनवतो.

## सुरू केल्यावर

सर्व्हर सुरू करा आणि त्याचा लॉग वाचा. शेवटी 'रेडी टू अ‍ॅक्सेप्ट कनेक्शन्स' हवंच, पण त्याच्या आधीच्या ओळीही वाचा: 'डेटाबेस सिस्टिम वॉज शट डाउन अ‍ॅट' दिसलं तर सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. नीट थांबवलेला असताना तिथे रिकव्हरी सुरू झालेली दिसली तर का, ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग वॉल खरंच नव्या डिस्कवर लिहिली जातेय का, ते पाहा. एखादी लहानशी नोंद लिहून पीजी_स्विच_वॉल चालवा (काहीच लिहिलेलं नसेल तर ते नुसतंच परत येतं), आणि नव्या डिरेक्टरीत फाइलींच्या वेळा बदलतायत का ते बघा. अर्काइव्ह चालू असेल तर पीजी_स्टॅट_अर्काइव्हरमध्ये शेवटची यशस्वी फाइल पुढे सरकली पाहिजे. अर्काइव्हच्या किंवा बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये कुणी जुन्या डिस्कचा मार्ग हाताने लिहून ठेवलेला असतो, तो इथेच उघडा पडतो. नव्या डिस्कच्या मोकळ्या जागेवर इशाराही याच वेळी लावून टाका. आणि जमेल तर कामासाठी राखलेल्या याच वेळेत मशीन एकदा रीबूट करा. माउंटचा क्रम बरोबर बसलाय का, हे कळायला दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

## मागे फिरायचं असेल तर

सर्व्हर सुरू करण्याआधी मागे फिरणं सोपं आहे: सिमलिंक काढा, जुनी डिरेक्टरी परत जागेवर ठेवा, झालं.

नव्या जागेवरून सर्व्हर एकदा सुरू झाला की मात्र ती जुनी डिरेक्टरी कामातून गेली. एका मिनिटासाठी उठला असला तरी. टेबलांच्या फाइली आणि कंट्रोल फाइल आता पुढे गेल्या आहेत आणि जुन्या वॉलला त्याचा पत्ता नाही. नवी डिस्क त्रास देतेय म्हणून सर्व्हर थांबवून जुनी पीजी_वॉल परत लावली, तर पोस्टग्रेस चेकपॉइंटची नोंद सापडत नाही म्हणून उठायला नकार देईल. अशा वेळी शोधाशोध केली की पीजी_रिसेटवॉलचं नाव समोर येतं. ते हत्यार उरलंसुरलं वाचवण्यासाठी आहे. त्याने सर्व्हर उठेल, पण आतला डेटा एकमेकांशी जुळेल याची हमी नाही. इथे त्याची गरजही नाही. सर्व्हर नीट थांबवा, नव्या जागेतली वॉल उलट दिशेने जुन्या डिस्कवर कॉपी करा, आणि सिमलिंकच्या जागी ती ठेवा. म्हणजे मागे फिरतानाही हीच सगळी पद्धत, फक्त दिशा उलटी.

बाजूला ठेवलेली जुनी डिरेक्टरी मग कशाला जपायची? पडताळणी पूर्ण होईपर्यंत, एवढंच. त्यानंतर ती पुसा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी तिला बॅकअप समजेल.

## डिस्क भरून सर्व्हर आधीच पडला असेल तर

ही वेळ बहुतेक अवेळीच येते. लॉगमध्ये पॅनिक आणि 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', सर्व्हर उठत नाही, आणि हात डिलीटकडे जातो. हात आवरा. त्याच डिस्कवर वॉलशी संबंध नसलेलं काही हलवता येत असेल, जुने मजकुरी लॉग वगैरे, तर ते हलवून सर्व्हर उठतो का बघा.

तेही नसेल तर पीजी_वॉल या स्थितीतही हलवता येते. पीजी_कंट्रोलडेटा 'इन प्रॉडक्शन' म्हणेल, ते इथे अपेक्षितच आहे; प्रोसेस खरंच उरलेली नाही, एवढी खात्री करा. फरक असा की नीट थांबलेल्या सर्व्हरला उठायला शेवटच्या चेकपॉइंटची नोंद पुरते, पडलेल्याला मात्र तिथपासूनची प्रत्येक फाइल लागते. त्यामुळे कॉपी पूर्ण आणि ताडलेली हवी, एकही फाइल 'नंतर बघू' म्हणून सोडायची नाही. सुरू केल्यावर रिकव्हरी चालेल, तिला हवा तेवढा वेळ द्या. सर्व्हर उठला की स्लॉट आणि अर्काइव्ह तपासा, कारण डिस्क ज्याने भरली तो तिथेच बसलेला असतो.

## रेप्लिका आणि बॅकअप

सिमलिंक ही त्या त्या मशीनपुरती असते, रेप्लिकेशनमधून ती पुढे जात नाही. रेप्लिका असतील तर काम त्यांच्यापासून सुरू करा: एकेक रेप्लिका थांबवून तिची वॉल हलवा, मग तिच्याकडे मुख्य भूमिका द्या आणि जुन्या मुख्य सर्व्हरचं काम शेवटी उरका. ग्राहकांना जाणवतो तो फक्त भूमिका बदलण्याचा क्षण. पीजी_बेसबॅकअपने पुढे नवी रेप्लिका बनवाल तेव्हा पीजी_वॉल तिथे साधी डिरेक्टरी म्हणूनच येईल; वेगळी हवी असेल तर त्यालाही वॉलडिर पर्याय द्या. मोठ्या आवृत्तीवर जाताना नवा क्लस्टर बनवतानाही तेच.

बॅकअप डिस्कच्या स्नॅपशॉटवर (एका क्षणी घेतलेल्या प्रतीवर) चालत असतील तर एक गोष्ट बदलली आहे. काल डेटा आणि वॉल एकाच व्हॉल्यूमवर होते, एका स्नॅपशॉटमध्ये दोन्ही एकाच क्षणाचे मिळत होते. आज ते दोन व्हॉल्यूमवर आहेत. दोन्हींचा स्नॅपशॉट अगदी एकाच क्षणी घेणारी सोय तुमच्या स्टोरेजमध्ये नसेल, तर जुनी स्क्रिप्ट आता बिनतक्रार चालेल आणि परत उभा न राहणारा बॅकअप देईल. मग पीजी_बेसबॅकअपकडे वळा, किंवा स्नॅपशॉटच्या आधी आणि नंतर पोस्टग्रेसला बॅकअप सुरू झाल्याचं आणि संपल्याचं कळवून सोबत वॉलचं अर्काइव्ह जपून ठेवा. आणि त्या बॅकअपवरून दुसऱ्या एखाद्या मशीनवर डेटाबेस एकदा उभा करून बघा, याच आठवड्यात.